ऐंशी टक्के खाटा आणि उरलेलं बिल: महाराष्ट्राने रुग्णालयांचे दर ठरवले तेव्हा

२१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने एक अधिसूचना काढली. खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटा सरकारी दराने द्यायच्या आणि उरलेल्या वीस टक्क्यांवर रुग्णालयाने स्वतःचे दर लावायचे, असा तिचा गाभा होता. कोविडच्या रुग्णाला साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयूत ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये लागणार होते. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली. जुलैमध्ये विमा नियामकाच्या आदेशाने सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांनी 'कोरोना कवच' ही एकसारखी पॉलिसी बाजारात आणली.

आरोग्यसेवेत सरकारने किती उतरावं आणि खासगी विम्यावर किती सोडावं, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा तत्त्वांवरच अडकतो. एकाला सरकारी दवाखान्यातली गैरसोय दिसते, दुसऱ्याला कॉर्पोरेट रुग्णालयाची लूट दिसते, आणि दोघेही खरंच बोलत असतात. महाराष्ट्रात २०२० आणि २०२१ मध्ये मात्र दरनियंत्रण, सरकारी योजना आणि खासगी विमा या तिन्ही व्यवस्था एकाच आजारावर, एकाच वेळी, कित्येकदा एकाच रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर चालवल्या गेल्या. असं प्रकरण पुन्हा सहजासहजी अभ्यासायला मिळणार नाही. या लेखाचं म्हणणं आधीच सांगतो. सरकारने दर ठरवणं योग्यच होतं. पण दर ठरवूनही पैसे देणारा म्हणून रुग्णाचा नातेवाईकच काउंटरवर उभा राहिला, आणि दर पाळले जातात का हे पाहण्याचं ओझं सगळ्यांत दुबळ्या माणसावर पडलं.

आधी काय होतं

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. हा कायदा नोंदणी, जागा आणि परिचारिका यांच्याबद्दल बोलतो, दरांबद्दल जवळजवळ गप्प आहे. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला. त्याच्या नियमांत दरांची मर्यादा घालण्याची तरतूद आहे, पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारला नाही. स्वतःचा कायदा करण्याच्या घोषणा झाल्या, मसुदे फिरले, आणि महासाथ आली तेव्हा राज्याच्या हातात १९४९ चाच कायदा होता.

धर्मादाय रुग्णालयांपुरती एक जुनी सोय होती. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक बिलातून दोन टक्के रक्कम वेगळी काढायची असते. कागदावर ही चांगली योजना आहे. पण तिचा लाभ मिळवायला किती खेटे घालावे लागतात, हे रुग्णमित्र म्हणून काम केलेल्या कुणालाही विचारा.

तिसरा धागा जीवनदायीचा. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे, अशा आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळत. सरकार विमा कंपनीला हप्ता भरायचं, कंपनी रुग्णालयाला पैसे द्यायची आणि रुग्णालयात रुग्णाला योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असायचा. २०१७ मध्ये योजनेचं नाव बदलून महात्मा फुलेंचं झालं, आणि २०१८ मध्ये आलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली. ज्यांची शिधापत्रिका पांढरी होती त्यांना मात्र, काही जिल्ह्यांतले शेतकरी वगळता, स्वतःची पॉलिसी किंवा स्वतःचा खिसा हेच दोन पर्याय होते. कोविडचं पहिलं मोठं बिल याच वर्गाच्या हातात पडलं. म्हणूनच त्या बिलांचा आवाजही मोठा झाला, आणि मला वाटतं सरकार इतक्या लवकर हललं त्यामागे हेही एक कारण होतं.

अधिसूचनेच्या आत

अधिसूचनेला आधार होता तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, अत्यावश्यक सेवा कायद्याचा आणि वर सांगितलेल्या शुश्रूषागृह व विश्वस्त कायद्यांचा. म्हणजे तिची खरी ताकद आणीबाणीच्या कायद्यांतून आलेली होती.

४,०००, ७,५०० आणि ९,००० या आकड्यांत खाट, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, जेवण, नेहमीची औषधं आणि रक्ताच्या साध्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, टू-डी इको एवढं धरलेलं होतं. पीपीई किट, कोविडची चाचणी, सीटी स्कॅन आणि एमआरआय, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) घालण्यासारख्या प्रक्रिया, आणि मेरोपेनेम, इम्युनोग्लोब्युलिन, टोसिलिझुमॅब यांसारखी महागडी औषधं दराबाहेर ठेवली होती. औषधं छापील किमतीने, तर स्कॅन आणि प्रक्रिया ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्या रुग्णालयाचा जो दर असेल त्याने आकारायच्या होत्या.

आणखी एक तरतूद होती. तिच्यावर तेव्हा फारशी चर्चा झाली नाही, पण या प्रकरणात ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सरकारी दराचं संरक्षण होतं ते ज्याला विमा नाही किंवा ज्याच्या विम्याची रक्कम संपली आहे अशा रुग्णाला. विमाधारकाला रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात झालेला करार लागू होणार होता. सरकारचा विचार सरळ होता: जिथे दोन मोठे पक्ष आपसात दर ठरवतात तिथे आपण कशाला पडायचं? कोविड सोडून इतर आजारांचे दर ठरवताना सरकारने सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांच्या पॅकेजदरांचाच आधार घेतला होता. वाटाघाटी करणारा म्हणून विमा कंपनी सक्षम आहे, हे सरकारने त्यातून मान्यच केलं होतं.

एक बिल मांडून पाहू

हे खऱ्या रुग्णाचं बिल नाही, हिशेब कळावा म्हणून मांडलेलं आहे. पुण्यातला एक विमा नसलेला रुग्ण, सहा दिवस वॉर्डात आणि चार दिवस व्हेंटिलेटरविना आयसीयूत राहिला असं समजू. सरकारी दराने वॉर्डाचे २४,००० आणि आयसीयूचे ३०,००० झाले, एकूण ५४,००० रुपये. इथवर सगळं नियमात आहे.

आता पुढे. कोविडवर दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविर इंजेक्शनच्या सहा कुप्या. २०२० मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची किंमत २,८०० ते ५,४०० रुपये होती. ४,००० रुपयांची कुपी धरली तर २४,००० झाले. पीपीईचे रोजचे २,५०० लावले तर दहा दिवसांचे २५,०००. डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ या तपासण्यांची नावं अधिसूचनेतल्या यादीत नव्हती, म्हणून त्या वेगळ्या लावल्या. त्यांचे १८,००० धरू. दोन वेळा सीटी, प्रत्येकी २,५००. जैववैद्यकीय कचरा, निर्जंतुकीकरण आणि अशाच इतर ओळींचे ९,०००. बेरीज १,३५,००० वर गेली. डॉक्टरांनी टोसिलिझुमॅबचा एक डोस लिहिला की त्यात चाळीसेक हजारांची भर पडते आणि बिल पावणेदोन लाखांवर जातं.

दरनियंत्रण लागू आहे ते ५४,००० रुपयांना, म्हणजे बिलाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भागाला. आणि रुग्णालयाने कुठे नियम मोडला हे दाखवायला गेलं तर जागा फारच थोडी सापडते.

सरकारला हे कळत गेलं तशी त्याने एकेक भोक बुजवायला घेतलं. सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० आणि ३,००० रुपये ठरवला गेला. मास्कच्या किमती बांधल्या गेल्या, पुढे पीपीईच्या आकारणीलाही मर्यादा आली. पण प्रत्येक वेळी बिलातली वाढ नियंत्रणाबाहेरच्या पुढच्या ओळीवर सरकत होती. याच काळात दिल्लीने दुसरी वाट धरली. जून २०२० मध्ये नीती आयोगाचे तेव्हाचे सदस्य डॉ. व्ही. के. पॉल यांच्या समितीच्या शिफारशीवरून तिथे साध्या आयसोलेशनला ८,००० ते १०,०००, आयसीयूला १३,००० ते १५,००० आणि व्हेंटिलेटरसह १५,००० ते १८,००० असे दर ठरले. आकडे महाराष्ट्राच्या दुपटीच्या आसपास आहेत, पण त्यांत पीपीई धरलेलं होतं. कमी आकडा जाहीर करून अर्ध्याहून जास्त बिल बाहेर ठेवण्यापेक्षा मोठा आकडा जाहीर करून सगळं आत घेणं रुग्णासाठी अधिक प्रामाणिक आहे, असं माझं मत आहे. रुग्णालयाच्या दारात डिपॉझिट भरताना माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: शेवटी किती होतील?

विमा असलेल्याचं काय झालं

कागदावर विमाधारक सुरक्षित होता. त्याच्या मागे कंपनी होती, कंपनीचा करार होता. पण करारात कोविडचं पॅकेज नव्हतंच, कारण करार झाले तेव्हा हा आजार अस्तित्वात नव्हता. अँजिओप्लास्टी, बाळंतपण, मोतीबिंदू यांचे दर कंपन्यांनी वर्षानुवर्षं हजारो रुग्णांच्या जोरावर घासाघीस करून ठरवलेले असतात. मार्च २०२० मध्ये आलेल्या आजाराला तो इतिहास नव्हता आणि रुग्णालयांना रुग्णांची कमतरताही नव्हती. घासाघीस करायला कंपनीच्या हातात काहीच उरलं नाही.

मग जून २०२० मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने स्वतःचे संदर्भदर काढले. दाव्याची रक्कम याच दरांच्या चौकटीत द्यायची असं कंपन्यांचं धोरण झालं. रुग्णालयं म्हणाली, हे दर आम्ही मान्य केलेले नाहीत. सरकारी दर विमाधारकाला लागू नव्हता, परिषदेचा दर रुग्णालयाला बांधील नव्हता, आणि दोन्हींच्या मधला फरक डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकाने भरायचा होता. त्यात नेहमीच्या पॉलिसीत हातमोजे, मास्क, किट यांसारख्या वस्तू 'अवैद्यकीय' म्हणून आधीच वगळलेल्या असतात. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर बाकीच्या आकारणीतही त्या प्रमाणात कात्री लागते. वर्षानुवर्षं नियमित हप्ते भरलेल्या लोकांना हे पहिल्यांदा कळलं ते घरातलं माणूस आयसीयूत असताना.

'कोरोना कवच'ने यातला एक भाग सुधारला. ५०,००० ते ५ लाख रुपयांचं संरक्षण, साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांची मुदत, आणि पीपीईसारख्या वस्तूंचा खर्चही आत. नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकच मसुदा दिल्यामुळे बारीक अक्षरांतले सापळे गेले. विमा बाजारात सरकारी नियामकाने ठाम हस्तक्षेप केला की काय होऊ शकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण नियामकाचा हात विमा कंपनीपर्यंतच पोचतो. कॅशलेस, म्हणजे बिल थेट विमा कंपनीकडून घेण्याची सोय, नाकारून आधी रोख मागणाऱ्या रुग्णालयाला तो फार तर आवाहन करू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दिल्ली उच्च न्यायालयाने कंपन्यांना सांगितलं की डिस्चार्जची मंजुरी तीस ते साठ मिनिटांत द्या, कारण कागदांसाठी खाटा अडून राहत होत्या. कंपन्यांना असा आदेश देता आला. रुग्णालयांच्या दरांवर तशी हुकमत असलेलं कार्यालय देशात नव्हतं आणि आजही नाही.

विमा हाच उपाय आहे असं म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट पाहावा. दोन बाजूंच्या व्यवहारात एकाच बाजूला नियामक असेल तर विमाधारक त्या फटीत सापडतो. या प्रकरणात तर विमा असणं हेच सरकारी दराच्या बाहेर राहण्याचं कारण ठरलं.

रुग्णालयांची बाजू

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेने या दरांना विरोध केला. त्यांचे सगळेच मुद्दे नफेखोरीचे नव्हते. महाराष्ट्रातली खासगी आरोग्यसेवा म्हणजे फक्त मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालयं नव्हेत. तालुक्याच्या गावी डॉक्टर नवरा-बायको चालवतात ती दहा-वीस खाटांची नर्सिंग होमं तिचा मोठा भाग आहेत. टाळेबंदीत त्यांच्या नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. कोविड वॉर्डात यायला तयार असलेल्या परिचारिकेला वाढीव पगार द्यावा लागत होता, ऑक्सिजन महागला होता, स्वतः डॉक्टर आजारी पडत होते आणि काही जण जिवानिशी गेले. दर ठरवताना आमच्याशी बोलणं झालं नाही, ४,००० चा आकडा कुठल्या हिशेबाने आला ते सांगितलं नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. सरकारने खर्चाचा अभ्यास लोकांपुढे ठेवला असता तर निम्मा वाद तिथेच मिटला असता.

आणखी एक दोष सुरुवातीच्या अधिसूचनेतच होता. दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयाला आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दवाखान्याला तिने एकच दर लावला. एकाला तो तोट्याचा वाटला, तर दुसरीकडे गावातला नेहमीचा दर कमी असताना सरकारी कमाल दरच नेहमीचा दर होऊन बसला. हे दुरुस्त व्हायला १ जून २०२१ उजाडलं. त्या दिवशीच्या अधिसूचनेने शहरांचे अ, ब, क असे वर्ग केले. वॉर्डाचे दर अनुक्रमे ४,०००, ३,००० आणि २,४०० झाले, आयसीयूचे ७,५००, ५,५०० आणि ४,५००, तर व्हेंटिलेटरसह ९,०००, ६,७०० आणि ५,४००. दुसऱ्या लाटेचा कळस एप्रिलमध्येच होऊन गेला होता.

तपासणारे

दर पाळले जातात का हे पाहायला सरकारने आणि महापालिकांनी लेखापरीक्षक नेमले. ते बहुतेक लेखा आणि वित्त खात्यांतले कर्मचारी होते. पुण्यात दीड लाखाच्या वरची बिलं रुग्णाला देण्याआधी तपासायची व्यवस्था झाली. मुंबईत महापालिकेने मोठ्या रुग्णालयांत माणसं बसवली. राज्य आरोग्य हमी सोसायटीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डॉ. सुधाकर शिंदे यांनी या कामात पुढाकार घेतला होता. बिलं कमी झाली, काहींना पैसे परत मिळाले. जिथे तपासणी बिल हातात पडण्याच्या आधी झाली तिथे तिचा उपयोग झाला. नंतरच्या तपासणीत रुग्णालय नोटिशीला उत्तर देत बसतं, प्रकरण लांबतं, आणि घरचं माणूस गमावलेलं कुटुंब त्या फेऱ्यांमध्ये थकून जातं. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी अशी बिलं गोळा करून परताव्यासाठी पाठपुरावा केला. विशेषतः पती गमावलेल्या स्त्रियांसाठी हे काम झालं. ज्या घराने दागिने मोडून बिल भरलं त्या घराला परत आलेले वीस हजारही मोठे असतात.

लेखापरीक्षकाची मर्यादाही स्पष्ट होती. दिवस आणि दर यांचा गुणाकार त्याला तपासता येतो. मेरोपेनेम खरोखर लागत होतं का, चौथी आयएल-६ तपासणी कशासाठी केली, हे त्याला विचारता येत नाही. बिलाचा फुगलेला भाग नेमका तिथेच होता.

आता याच्या शेजारी महात्मा फुले योजना ठेवून पाहू. योजनेतल्या रुग्णाला काउंटरवर भांडावं लागत नाही, कारण पैसे देणारं सरकार असतं. पॅकेज ठरलेलं, मंजुरी आधी घेतलेली, कागदपत्रं वैद्यकीय तज्ज्ञ तपासणार आणि मग पैसे मिळणार. ज्याच्या हातात पैसे त्याला प्रश्न विचारता येतो. मग २३ मे नंतर सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या या योजनेने प्रश्न का सुटला नाही? कारण योजनेतली पॅकेजं मुख्यतः गंभीर अवस्थेतल्या रुग्णांसाठी होती. ऑक्सिजनवर आठ दिवस काढलेला पण व्हेंटिलेटरपर्यंत न गेलेला रुग्ण तिच्यात सहज बसत नव्हता. योजनेत सामील रुग्णालयंही मोजकीच होती, आणि योजनेचा दर खासगी दरापेक्षा खूप कमी असल्याने 'योजनेतली खाट शिल्लक नाही' हे उत्तर तयार असायचं. दर जाहीर करताना घाई झाली असेल, ती समजून घेता येते. पण सगळ्यांना योजना खुली करायची आणि बहुसंख्य रुग्णांचा आजार पॅकेजात बसवायचा नाही, ही चूक टाळता येण्यासारखी होती.

नागपूरचा निकाल

२१ मेच्या अधिसूचनेने कोविड नसलेल्या रुग्णांचेही दर बांधले होते. त्याला नागपूरच्या रुग्णालयांच्या संघटनेने आव्हान दिलं. २३ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रुग्णालयांच्या बाजूने निकाल दिला. कोविड नसलेल्या रुग्णाकडून खासगी रुग्णालयाने किती घ्यावेत हे ठरवण्याचा अधिकार सरकारने दाखवलेल्या कायद्यांत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

या निकालावर तेव्हा चिडलेले पुष्कळ होते. मला मात्र त्यात सरकारला दिलेली स्पष्ट सूचना दिसते. साथरोग कायदा साथीपुरता आहे. हृदयविकाराचा रुग्ण साथ नसतानाही येणार, त्याच्यासाठी विधिमंडळात कायदा करा. निकालानंतर तीन महिन्यांत, १४ जानेवारी २०२१ रोजी, सरकारने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष उघडायचा. रुग्णाला विचारायला एक कागद मिळाला, तो उपयोगाचा आहे. पण दर किती असावा याबद्दल नियम काही म्हणत नाहीत. आयसीयूचा दर दिवसाला वीस हजार लिहिला आणि तसा घेतला, तर नियम पाळलाच म्हणायचा.

जिथे मर्यादा टिकली

या सगळ्यात एक दरनियंत्रण चाललं, आणि त्याचा विचार कमी होतो. ते होतं आरटी-पीसीआर चाचणीचं. सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेत ४,५०० रुपये पडत. महाराष्ट्राने जून २०२० मध्ये ते २,२०० वर आणले, डिसेंबरपर्यंत ७०० झाले आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५००. प्रयोगशाळांनी कुरकुर केली, पण दर पाळले गेले. किट स्वस्त होत गेले हे एक कारण होतं. चाचणी ही एकच, मोजता येणारी गोष्ट असते आणि तिच्या बिलाला शेपूट फुटत नाही, हे दुसरं. पण माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण म्हणजे शेजारच्या सरकारी केंद्रात तीच चाचणी मोफत होत होती. खासगी प्रयोगशाळेने जास्त मागितले तर माणूस तिकडे जाऊ शकत होता.

खाटांच्या बाबतीतही, जिथे असा पर्याय उभा राहिला तिथे चित्र थोडं वेगळं होतं. मुंबई महापालिकेने बीकेसी, गोरेगावचं नेस्को, वरळी, मुलुंड, दहिसर इथे जंबो केंद्रं, म्हणजे मोठी तात्पुरती कोविड रुग्णालयं, उभारली, तिथले उपचार मोफत होते. जून २०२० पासून प्रभागांच्या वॉर रूममधून खाटा वाटल्या जाऊ लागल्या. वॉर रूमने पाठवलेल्या रुग्णाला 'तुमची खाट वीस टक्क्यांतली आहे' असं सांगणं रुग्णालयाला अवघड जात होतं. वॉर रूम आणि जंबो केंद्रं दोन्ही नसलेल्या गावांत ऐंशी कुठे संपतात आणि वीस कुठे सुरू होतात, हे दाखल होणाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता.

म्हणून सरकार दर ठरवणारं असावं की सेवा देणारं, अशी निवड मांडणं मला पटत नाही. स्वतःच्या खाटा नसलेलं सरकार दर ठरवू शकतं, पण ते पाळून घेऊ शकत नाही. विम्याचंही तसंच आहे. रुग्णाला जायला दुसरी जागा नसेल तर विमा कंपनीलाही घासाघीस करता येत नाही, मग ती सरकारी हप्त्यावर चालणारी असो की खासगी.

त्यानंतर काही गोष्टी पुढे सरकल्या. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा फुले योजनेचं संरक्षण कुटुंबामागे ५ लाखांवर गेलं, ती कोविडकाळापुरती न राहता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारलं की २०१० च्या कायद्याखाली प्रमाणित दर अजून का ठरले नाहीत, आणि ते ठरेपर्यंत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेचे दर लावू का? महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नसल्यामुळे या प्रश्नाचं उत्तर इथल्या रुग्णाला आपोआप लागू होत नाही. जंबो केंद्रं बंद झाली, लेखापरीक्षक आपापल्या मूळ खात्यांत परत गेले, आणि योजनेत नसलेल्या रुग्णालयात किंवा योजनेच्या यादीत नसलेल्या आजारासाठी दाखल होणारा माणूस पुन्हा भिंतीवरच्या दरपत्रकापाशी आला आहे. राज्याने पुढचा कायदा करताना त्यात निदान तीन गोष्टी असाव्यात: खर्चाच्या जाहीर अभ्यासावर ठरलेला आणि सगळ्या बाबी आत घेणारा पॅकेजदर, तो विमा असलेल्या आणि नसलेल्या दोघांनाही लागू असणं, आणि बिल रुग्णाच्या हातात पडण्याआधी ते तपासणारा वैद्यकीय जाणकार. आणि त्याच अर्थसंकल्पात जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतल्या आयसीयू खाटांसाठी, त्या चालवणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या भरतीसाठी पैसे असावेत.